कुबडीचं टोक आणि एका वाक्यात उरकलेलं बटण

(पत्र जागेअभावी आटोपशीर केलं आहे.)

'सर, आई दोन वर्षांपासून कुबडीवर चालते. ओल्या फरशीवर कुबडी घसरून ती दोनदा पडली, तेव्हापासून मी कुबडीच्या टोकाच्या मागे लागलो. वर्षभर खपून असा सांधा बसवला की कुबडी तिरकी झाली तरी रबराचा तळ जमिनीला सपाट टेकतो. अशा दोन जोड्या ओळखीच्या दोघांना वापरायला दिल्यात, आई चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही टाकलाय. गेल्या महिन्यात तळाच्या मध्ये बटणासारखा मऊ उंचवटा ठेवला आणि तिथून कडेपर्यंत खाचा पाडल्या, त्याने पाणी बाजूला होतं. हे अजून घरातच आहे. शिवाय कुबडीवर पडणाऱ्या भारावरून आईचा तोल सांगणारं एक सूत्र बसवलंय, त्याचं ॲप करायचंय. तिच्यासाठी चालण्याचा एक व्यायामक्रमही तयार केलाय. या सगळ्याचं मिळून एक पेटंट घेता येईल का? मित्र म्हणतो, एकदा पेटंट घेतलं की जगात कुणी हात लावू शकत नाही. रबराचा साचा त्यानेच करून दिला, तर त्याचं नाव घालावं लागेल का?
— एक धडपड्या'

नमस्कार धडपडेराव,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मी सांध्यातच रमलो, कारण तुम्हीही तिथेच रमला आहात. मूळ पत्राची पाऊण लांबी सांध्याने खाल्ली आहे. दुसऱ्या वेळी मात्र त्या मऊ बटणापाशी थांबलो. तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत आणि लगेच ॲपकडे वळलात. पेटंट एजंट म्हणून आयुष्यभर लोकांचे शोध ऐकले, त्यावरून सांगतो, माणूस ज्यावर जास्त घाम गाळतो त्यालाच शोध समजतो. कायदा घाम मोजत नाही. तुमच्याकडे पेटंट घेण्याजोगं काही असेलच, तर ते बटण आहे. असं का, ते पुढे येईलच. आधी तुमच्या मित्राचं वाक्य निस्तरू.

पेटंट हा सौदा आहे. तुमची वस्तू कशी बनते ते तुम्ही इतकं उघड करून सांगायचं, की त्या कामातल्या जाणत्या माणसाला नुसतं वाचून ती बनवता यावी. त्या बदल्यात ठरावीक काळ इतरांना ती तुमच्या परवानगीशिवाय बनवायला, वापरायला, विकायला किंवा आयात करायला मनाई. हा काळ बहुतेक सगळीकडे अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षांचा, आणि तोही दरवर्षीची किंवा ठरावीक वर्षांनी येणारी फी भरत राहिलात तर. मुदत संपली की वस्तू सगळ्यांची. 'पेटंट' या शब्दाचं मूळच लॅटिनमध्ये 'उघडं असणं' असं आहे. लोक मात्र त्याला तिजोरी समजतात. ज्याला गुपित ठेवायचंय त्याने पेटंटच्या वाटेला जाऊ नये. पण तुमचं टोक कुणीही उलटं करून पाहू शकतो, त्यात गुपित राहणार कुठे?

'जगात कुणी' हे मित्राचं पहिलं चुकलं. जागतिक पेटंट अशी चीज अस्तित्वात नाही. ज्या देशात पेटंट घ्याल तिथे ते चालतं, बाकी ठिकाणी तुमचं टोक बिनदिक्कत बनवता येतं. 'हात लावू शकत नाही' हे दुसरं. पेटंट ऑफिस कुणाचा हात धरायला येत नाही. नक्कल झाली तर कोर्टात तुम्हाला जावं लागतं, तुमच्या खर्चाने.

तिसरी गोष्ट मित्राने म्हटलेली नाही, पण त्याच्या म्हणण्यात ती दडलेली आहे. पेटंट तुम्हाला वस्तू बनवण्याचा हक्क देत नाही, दुसऱ्याला अडवण्याचा देतं. समजा, सांध्याचं पेटंट आज दुसऱ्या कुणाच्या नावावर जिवंत आहे. मग बटणाचं पेटंट तुमच्याकडे असूनही सांधा आणि बटण दोन्ही असलेलं टोक विकायला तुम्हाला त्याची परवानगी लागेल, आणि बटण वापरायला त्याला तुमची. विमानाच्या बाबतीत हेच झालं. राइट बंधूंना १९०६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, ग्लेन कर्टिस या दुसऱ्या विमान बनवणाऱ्याबरोबरचे खटले वर्षानुवर्षं चालले, आणि अखेर १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, सगळ्यांची पेटंटं एका सामायिक व्यवस्थेत आणून तो गुंता सोडवावा लागला.

आता पेटंट कशाला मिळतं ते पाहू. वस्तूला मिळतं, बनवण्याच्या पद्धतीलाही मिळतं. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात तीन अटी आहेत, आणि तुमचा-माझा देश कोणताही असो, याच तीन चाळण्या समोर येतात: शोध नवा हवा, त्यात कल्पकतेची पायरी हवी (म्हणजे त्या कामातल्या जाणत्यालाही तो सहज सुचू नये), आणि तो उद्योगात उपयोगी पडण्याजोगा हवा. तिसरीत तुम्ही कुबडीसकट पास. खरी गंमत पहिल्या दोनमध्ये आहे.

नवा म्हणजे तुम्हाला नवा नव्हे. अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, कुणीही तो लोकांसमोर आणलेला नसावा. शिडाच्या फळीवर उभं राहून लाटांवर जाण्याचा खेळ, विंडसर्फिंग, तुम्ही पाहिला असेल. त्या फळीच्या पेटंटवरून इंग्लंडमध्ये खटला उभा राहिला, तेव्हा समोर आलं की १९५८ च्या सुमारास हेलिंग आयलंडच्या किनाऱ्यावर बारा वर्षांच्या एका पोराने घरी ठोकून तशीच फळी बनवली होती आणि सुट्टीत तिच्यावर खेळत होता. त्याने पेटंट घेतलं नव्हतं, कुठे छापलं नव्हतं, विकलं नव्हतं. पण किनाऱ्यावरच्या कुणालाही ती दिसत होती. अपील कोर्टाने पेटंट रद्द ठरवलं.

या चाळणीत तुमचा सांधा अडकतो. कलणारी, फिरणारी टोकं कुबड्यांना आणि काठ्यांना फार पूर्वीपासून आहेत. एस्पेसनेट, पेटंटस्कोप, गूगल पेटंट्स ही जुनी पेटंटं शोधायची तिन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. शब्दांनी शोधू नका, प्रत्येक जण टोकाला वेगळं नाव देतो, वर्गीकरणाने शोधा. काठ्यांच्या टोकांचा वर्ग 'ए ४५ बी ९/०४', कुबड्यांचा 'ए ६१ एच ३/०२'. चित्रं बघत खाली खाली जा. अर्ध्या तासात तुमच्या सांध्याची भावंडं भेटतील आणि जीव थोडा खट्टू होईल. होऊ द्या, आणि बघत राहा: मध्ये मऊ उंचवटा असलेला तळ दिसतो का?

समजा, नाही दिसला. मग दुसरी चाळणी. एक्झामिनर, म्हणजे पेटंट ऑफिसात अर्ज तपासणारा, म्हणेल, खाचांनी पाणी सारणं टायरपासून सगळ्यांना ठाऊक आहे, मऊ रबरही ठाऊक आहे, दोन्ही एकत्र आणण्यात कसली आलीय कल्पकता? हा प्रश्न प्रत्येकाला येतो. मोटारीचा थांबून थांबून फिरणारा वायपर रॉबर्ट कर्न्सने बनवला तेव्हा फोर्डचा बचाव हाच होता, की यातले सगळे सुटे भाग आधीपासून बाजारात आहेत. ज्युरीने पेटंट ग्राह्य धरलं आणि १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सुटे भाग जुने असले म्हणून जुळणी जुनी ठरत नाही. (पेटंट १९६७ चं होतं, तडजोड होईपर्यंत त्याची मुदत कधीच संपली होती. कोर्टाच्या खर्चाबद्दल वर म्हटलं, त्यात वेळही धरा.)

तुमच्याकडे उत्तर काय? मला दिसतं ते असं. टोकाच्या मध्ये मऊ गोळा ठेवला आणि तोच आधी टेकला, तर कुबडी डगमगेल, अशीच कुठल्याही कारागिराची समजूत असेल. तुम्ही म्हणता ती उलट जास्त घट्ट बसते, कारण बटण दबताना मधलं पाणी आधी हलतं आणि कडा टेकेपर्यंत खाचांतून निघून गेलेलं असतं. अपेक्षेच्या उलट परिणाम हा कल्पकतेचा चांगला पुरावा असतो. पण 'म्हणता' यावर भागत नाही. फरशीचा एक तुकडा फळीवर चिकटवा, ओला करा, ठरावीक वजन टांगलेली कुबडी त्यावर उभी धरा आणि फळी एका बाजूने उचलत जा. साधं टोक कितव्या अंशाला सुटतं, खाचांचं पण बटण नसलेलं कितव्याला, बटणाचं कितव्याला. प्रत्येकी दहा वेळा. तारीख घालून वहीत लिहा, फोटो काढा. बटणाने काहीच फरक पडत नाही असं निघालं, तर पैसे वाचले म्हणून मला धन्यवाद द्या.

सूत्र आणि ॲपबद्दल. निसर्गाचा नियम, गणिताची रीत, अमूर्त कल्पना यांना पेटंट नाही. आइन्स्टाइनलाही आपल्या सूत्राचं पेटंट घेता आलं नसतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये लिहून ठेवलंय. मौज अशी की ते लिहिलं त्याच निकालात न्यायालयाने आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल पचवणाऱ्या जिवाणूला पेटंटयोग्य ठरवलं, कारण तसा जिवाणू निसर्गात नव्हता, तो माणसाने घडवला होता. तुमचं सूत्र त्या रेषेच्या आइन्स्टाइनच्या बाजूला पडतं. नुसत्या संगणक प्रोग्रामला भारतात आणि युरोपात पेटंट नाही. अमेरिकेतही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ॲलिस निकालानंतर अमूर्त कल्पना संगणकावर चालवली एवढ्याने भागत नाही. पण कुबडीतच भार मोजणारा सेन्सर आहे, तोल जाताच मूठ थरथरते, असं काही प्रत्यक्ष यंत्र बांधलंत तर तो वेगळा शोध आणि वेगळा अर्ज होईल. ॲपच्या कोडला कॉपीराइट आपोआप आहे, नावाला ट्रेडमार्क, दिसण्याला डिझाइनची नोंदणी. एका अर्जात साधारणपणे एकच शोध बसतो, त्यामुळे 'सगळ्याचं मिळून एक' हे जमणार नाही.

व्यायामक्रम सोडून द्या. उपचारांच्या पद्धतींना भारतात आणि युरोपात पेटंट देत नाहीत; डॉक्टरला रुग्णावर हात ठेवण्याआधी परवाने तपासायला लागू नयेत, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. आईला उपयोग होतोय ना, मग चार जणांना शिकवा.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात सुखावणारी गोष्ट: ज्या दोन जोड्या बाहेर गेल्या त्यांत बटण नव्हतं. ही तुमची हुशारी नाही, नशीब आहे. एक जुना खटला ऐका. सॅम्युएल बार्न्स नावाच्या गृहस्थाने १८५५ मध्ये कॉर्सेटसाठी, म्हणजे बायका कंबरेला आवळून बांधत त्या वस्त्रासाठी, न मोडणाऱ्या पोलादी पट्ट्या बनवल्या आणि मैत्रिणीला दिल्या. पुढे ती त्याची बायको झाली. पट्ट्या ती कित्येक वर्षं कपड्यांच्या आत वापरत होती. जगात कुणाला दिसत नव्हत्या. अर्ज केला १८६६ मध्ये. १८८१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, हा 'सार्वजनिक वापर' झाला, पेटंट बाद. का? तर गुप्ततेची कसलीही अट न घालता शोध दुसऱ्याच्या हाती दिला होता, आणि तोही कायद्याने दिलेल्या मुदतीच्या फार आधी. किती जणांनी पाहिलं हे न्यायालयाने मोजलंच नाही.

ही मुदत, म्हणजे शोध उघड केल्यानंतरही अर्ज करता येण्याची सवलत, अमेरिकेत आणि जपानमध्ये आज एक वर्षाची आहे. युरोपात जवळजवळ नाहीच, भारतात ठरावीक प्रकारची प्रदर्शनं, शोधनिबंध वगैरेंपुरती. त्यामुळे सवलत आहेच असं धरून चालू नका. व्हिडिओत तळ दिसत नसेल आणि टोक जुनं असेल तर बटणाला धोका नाही. तरी एकेक फ्रेम थांबवून बघा, कुबडी उचलताना तळ कॅमेऱ्याकडे वळतो का. आणि नवं टोक आईला सध्या घरातच वापरू द्या, बाहेर निघताना जुनं लावा. ज्या पोरामुळे विंडसर्फिंगचं पेटंट गेलं तोही फक्त किनाऱ्यावर खेळत होता. कुणाला दाखवावंच लागलं तर आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या, मग पिशवी उघडा.

यापुढचा भाग जरा सावकाश वाचा. पेटंटमध्ये वर्णन असतं, चित्रं असतात आणि शेवटी दावे असतात, आमच्या बोलण्यात क्लेम. हक्क मिळतो तो फक्त क्लेममध्ये लिहिलेल्या शब्दांना. तुम्ही लिहायला बसलात तर पहिला क्लेम असा होईल:

'ॲल्युमिनियमच्या कुबडीला बसणारं काळ्या रबराचं टोक, ज्यात गोलाकार सांधा आहे, तळाच्या मध्ये १ सेंटिमीटर व्यासाचं मऊ बटण आहे आणि तळाला ६ खाचा आहेत.'

अगदी खरं वर्णन, आणि अगदी निरुपयोगी. नियम असा की क्लेममध्ये सांगितलेली प्रत्येक गोष्ट ज्याच्या वस्तूत आहे तोच अडकतो. नक्कल करणारा ५ खाचा पाडेल, सुटला. लाकडी कुबडीला बसवेल, सुटला. सांधा काढून टाकेल, सुटला, शिवाय त्याचा खर्चही वाचला. काही देशांत न्यायालयं समतुल्य बदल धरून थोडं सावरून घेतात, त्यावर विसंबू नका. उमेदीच्या काळात मी एका अर्जात 'पोलादी पट्टी' लिहून गेलो, कारण अशिलाने टेबलावर ठेवलेली पट्टी पोलादी होती. पुढे दुसऱ्या कुणीतरी तीच रचना पितळेच्या पट्टीत विकायला काढली आणि आम्ही दोघं बघत बसलो. तो एक शब्द मला अजून टोचतो.

मी असा लिहीन:

'चालताना आधार देणाऱ्या दांड्याचं टोक, ज्याला जमिनीला टेकणारा लवचीक तळ आहे. तळाच्या मध्यभागी, भोवतालच्या भागापेक्षा मऊ आणि त्याच्याहून खाली आलेला उंचवटा आहे, जो भार पडताना आधी टेकून दबतो. आणि त्या उंचवट्यापासून तळाच्या कडेकडे जाणाऱ्या खाचा आहेत.'

कुबडी गेली, 'दांडा' आला; आता काठी आणि वॉकरचे पायही आत आले. काळं रबर गेलं, आकडे गेले. सांधाही गेला. त्याला दुसऱ्या क्लेममध्ये जागा द्या: 'पहिल्या क्लेममधलं टोक, ज्यात तळ आणि दांडा यांच्यामध्ये कलणारा सांधा आहे.' खाचांची संख्या तिसऱ्यात, रबर चौथ्यात. पहिला क्लेम पडला तर मागे यायला या पायऱ्या असतात. फार हावरटपणाही नको. 'पाणी बाजूला सारणारं टोक' एवढंच लिहिलंत तर खाचांचं कुठलंही जुनं टोक दाखवून एक्झामिनर तो क्लेम दोन ओळींत उडवेल.

वर्णनात मात्र कंजुषी करू नका. लंबगोल बटण, पोकळ बटण, एकाऐवजी तीन बटणं, वळणदार खाचा, जे जे सुचतंय ते चित्रांसकट आजच लिहा. अर्ज दाखल झाल्यावर त्यात नवी माहिती घुसवता येत नाही.

मित्राच्या नावाचं उत्तर सोपं आहे, विचारायला अवघड. तुम्ही दिलेल्या मापाने त्याने साचा कोरला असेल तर तो कारागीर, संशोधक नव्हे, कितीही सुबक कोरला असला तरी. पण 'बटण मऊ रबराचं ठेव' हे मुळात त्याने सुचवलं असेल तर तो सहसंशोधक आहे आणि त्याचं नाव घालावंच लागेल. गाळलंत तर पुढे पेटंटच अडचणीत येतं. आज चहा पिताना विचारा, दोघांना जे आठवतं ते कागदावर उतरवा. नोकरीत असाल तर नेमणुकीच्या करारातही डोकावा, शोधांची मालकी कुणाची यावर तिथे एखादं कलम असतं.

वेळापत्रक थोडक्यात. बऱ्याच देशांत आधी प्राथमिक अर्ज टाकता येतो, म्हणजे तारीख पक्की होते आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. १८८३ च्या पॅरिस करारामुळे त्याच १२ महिन्यांत दुसऱ्या देशांत अर्ज केलात तरी पहिली तारीख धरली जाते. पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट कराराच्या मार्गाने गेलात तर देश निवडायला पहिल्या तारखेपासून साधारण ३० महिने मिळतात. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. फरशीचा प्रयोग, वर्गीकरणातला शोध आणि मित्राशी बोलणं या आठवड्यात उरका. मग वही घेऊन तुमच्या जवळच्या एजंटकडे जा आणि त्याला सांध्याबद्दल शेवटी सांगा.

अर्ज क्रमांकाची पावती हातात पडली की त्याच संध्याकाळी आईच्या कुबडीला नवं टोक लावा आणि दोघं बाहेर फिरून या.